बोगद्यातला पिवळा पोंचो

बोगद्यात कुणीतरी मराठीत हाका मारत होतं.

सुधीरने ब्रेक दाबले. ऑक्टोबरचं धुकं बोगद्याच्या तोंडाशी येऊन थबकलं होतं आणि आतल्या काळोखातून आवाज येत होता, "तनया! तनयाऽ!" भिंतींवर आपटून ते नाव इतक्या बाजूंनी परत येत होतं, की हाक एकाची आहे की दहाजणांची, तेच कळेना.

"ऐकलंस?" त्याने विचारलं.

अहिल्या केव्हाच सायकलवरून उतरली होती.

दोघं स्टुटगार्टहून दोन दिवसांसाठी आली होती. सुधीर गाड्यांच्या ब्रेकचा इंजिनियर; अहिल्याची खासगी तपासाची छोटी कचेरी. काल इंगोलश्टाटला मुक्काम झाला. आज सकाळी आइखश्टेटच्या फरसबंद गल्ल्या आणि तिथलं जुळ्या मनोऱ्यांचं कॅथेड्रल पाहून दोघांनी जुन्या रेल्वेमार्गावरचा सायकलरस्ता धरला होता. या सहलीत कामाचं नावही काढायचं नाही, असं अहिल्यानेच बजावलं होतं.

बोगद्यातल्या वळणाशी सुधीरच्या दिव्याचा झोत पडला आणि तो थबकला. समोर एक बाई उभी होती. अंगात पिवळा पोंचो, त्याची टोपी डोक्यावर पुढे ओढलेली. पण टोपीच्या आत चेहरा नव्हता. नुसता काळोख.

"सायकल आहे ती," अहिल्या हळूच म्हणाली.

खरंच सायकल होती. स्टँडवर नीट उभी केलेली, पुढचा दिवा चालू. सीटवर हेल्मेट ठेवून त्यावरून कुणीतरी पोंचो पांघरला होता. पोंचोच्या कडांमधून अजून पाणी ठिबकत होतं.

पलीकडून एक तरुण धावत आला. तिशीचा असेल. नखशिखांत भिजलेला. मराठी ऐकताच त्याने सुधीरचा हातच धरला.

"काका, माझी बायको! आत्ता माझ्यापुढे आत शिरली. मी मागोमाग आलो तर ही सायकल. ती नाही!"

त्याचं नाव रुपेश. इंगोलश्टाटला इंजिनियर. सुधीरला त्याची दया आली.

"पोलिसांना फोन केलास?"

"नको. पोलीस नकोत एवढ्यात. उगाच तमाशा होतो."

"ही माझी बायको तपासाचंच काम करते," सुधीर बोलून गेला. "काळजी करू नकोस. शोधून काढेल ती."

अहिल्याने त्याच्याकडे एक कटाक्ष टाकला, पण नाही म्हणाली नाही. तिने बॅटरी घेऊन भिंती पाहायला सुरुवात केली. बोगदा फार लांब नव्हता. मधोमध एक लोखंडी दार होतं. आत वटवाघळं राहतात, अशी पाटी त्यावर होती. कुलूप गंजलेलं. दाराच्या चौकटीवर कोळ्याचं जाळं अख्खं होतं, त्यावर पाण्याचे थेंब चमकत होते. त्या दारातून कुणी गेलं नव्हतं. ज्या तोंडातून रुपेश आत शिरला होता, त्याच तोंडातून ही दोघंही आत आली होती. वाटेत त्यांना कुणी भेटलं नव्हतं.

तेवढ्यात सुधीरने पोंचो उचलून सायकल तपासली. ब्रेक ठीक, टायर ठीक. सीटची दांडी वरून मळकट होती आणि खाली चार बोटं कोरी, चकचकीत. सीट त्याच्या स्वतःच्या सायकलीच्या सीटएवढी उंच होती. सवयीने त्याने हे पाहिलं आणि सवयीनेच सोडून दिलं.

"बायकोचा फोटो आहे?" अहिल्याने विचारलं.

रुपेशने भिंतीला टेकवलेल्या आपल्या सायकलच्या पिशवीतून एक फोन काढला. "हा तिचाच फोन. माझ्याकडेच असतो. ती हरवते सगळं."

फोटोत एक लहानखुरी मुलगी होती. रुपेशच्या खांद्यालाही पोचत नव्हती. हसत होती, पण कॅमेऱ्याकडे बघत नव्हती.

"आजचा दिवस सकाळपासून सांग," अहिल्या म्हणाली. "काहीही गाळू नकोस."

"आमच्या लग्नाचा वाढदिवस आहे आज. हा रस्ता तिनेच मागितला. एरवी काही मागत नाही ती. आइखश्टेट, मग हा बोगदा, पलीकडचं गाव. म्हटलं, ठीक आहे. पण सकाळी तिने उलट उत्तर दिलं. मी सांगितलं, चूक कळेपर्यंत माझ्याशी बोलायचं नाही. तेव्हापासून बोललो नाही आम्ही."

"दिवसभर?"

"हो. मी तिला पुढे ठेवतो नेहमी, डोळ्यांसमोर. सकाळी अगदी रडतखडत चालवत होती. आइखश्टेटला कॅफेत टॉयलेटला गेली, मी बाहेर सायकली धरून उभा. बराच वेळ लावला. बाहेर आली ती तशीच सायकलवर बसून निघाली. मध्ये तासभर पाऊस थांबला होता तरी टोपी काढली नाही, मफलर नाकापर्यंत. रुसलेली ना! पण त्यानंतर चालवली बरी. इतकी की चढावर मीच मागे पडलो. तिचा पिवळा पोंचो वळणाआड जाताना दिसायचा, पुन्हा गाठायचो, पुन्हा जायचा. शेवटचा दिसला तो बोगद्यात शिरताना."

"इथे तिच्या ओळखीचं कोण आहे?"

"कुणी नाही. बुधवारी जर्मनचा क्लास असतो. मीच सोडतो, मीच आणतो." त्याने मनगटाने डोळे पुसले. "माझ्याशिवाय ती कुठे जात नाही हो, काकू."

सुधीरने त्याच्या पाठीवर हात ठेवला. अहिल्या त्या भिजलेल्या पोंचोकडे बघत राहिली.

बोगद्याच्या दुसऱ्या तोंडाशी एक म्हातारा गरम सफरचंदाचा रस विकत बसला होता. तिथेही धुकं इतकं दाट होतं की त्याच्या टपरीचा दिवा हवेत लोंबकळल्यासारखा दिसत होता.

"पिवळ्या कपड्यातली? नाइन, नाही," तो म्हणाला. "हा तरुण सोडून सायकलवाला कुणीच आला नाही. काठ्या टेकत दोन म्हाताऱ्या आल्या, चिंब भिजलेल्या. मग एक मुलगी पळत गेली. उंच, काळ्या केसांची. कोरडी ठणठणीत. म्हटलं, आज पहिलंच कोरडं माणूस पाहिलं. मग हा आला, ओरडत."

त्याने आवाज उतरवला. "या बोगद्यात पूर्वीही असं झालंय म्हणतात. रेल्वेच्या गार्डची बायको कंदील घेऊन त्याला आणायला आत गेली. कंदील सापडला. जळत, जमिनीवर नीट ठेवलेला. ती नाही."

मागे बोगद्यात रुपेश पुन्हा हाका मारू लागला होता.

"कंदील नीट ठेवलेला," अहिल्या स्वतःशीच म्हणाली. मग तिने म्हाताऱ्याला विचारलं, "गावातून बस जाते का?"

"जाते. पण रविवारी क्वचित. आता येईलच एक, बेकरीसमोर."

रुपेशला बोगद्यातच थांबायला सांगून दोघं उतारावरून गावात गेली. गाव जुनं होतं. लाकडी चौकटींची घरं धुक्यात एकमेकांना टेकून उभी होती आणि रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. फक्त बेकरीत उजेड होता.

आत खिडकीशी एक उंच तरुणी बसली होती. काळी लेगिंग्ज, पातळ जॅकेट, दोन्ही हातांत चहाचा मग. तिच्या उजव्या पोटरीवर काळ्या वंगणाचा दातेरी ठसा उमटला होता. सुधीरने तो पाहिला. साखळीचा ठसा, त्याला वाटलं; पळणाऱ्या मुलीच्या पायावर कसा?

अहिल्या सरळ तिच्यासमोर जाऊन बसली.

"तनया सुखरूप पोचली का?"

मुलीच्या हातातला चहा मेजावर सांडला. म्हणजे मराठी तिला कळलं होतं.

"घाबरू नकोस. नाव काय तुझं?"

"ओवी," ती कशीबशी म्हणाली. "तुम्हाला त्याने पाठवलंय?"

"अहिल्या, हे काय चाललंय?" सुधीरचा आवाज चढला. "तो बिचारा तिकडे रडतोय!"

"बस. सांगते." अहिल्याने खुर्ची ओढून दिली. "तू सायकल तपासलीस. सीट कशी होती?"

"उंच. दांडी खाली कोरी होती. म्हणजे..." तो अडखळला. "म्हणजे नुकतीच वर केलेली. तो कोरा भाग आधी नळीच्या आत होता."

"आणि तनया रुपेशच्या खांद्याला पोचत नाही. त्या सीटवर बसून तिचे पाय पेडलला टेकलेच नसते. सकाळी रडतखडत चालवणारी मुलगी दुपारी चढावर नवऱ्याला मागे टाकते. पाऊस थांबला तरी टोपी आणि मफलर काढत नाही. सुधीर, बोगद्यात शिरली ती तनया नव्हतीच. आइखश्टेटपासूनच नव्हती."

सुधीर खुर्चीत टेकला.

"कॅफेच्या टॉयलेटमध्ये दोघींनी अदलाबदल केली. पोंचो, हेल्मेट, मफलर. लेगिंग्ज काळ्या सगळ्यांच्याच. बाहेर येऊन ही लगेच सायकलवर बसली, त्यामुळे उंची कळली नाही. पहिल्या वळणाआड सीट वर केली. आणि तनया तिथूनच स्टेशनवर गेली."

"आणि बोगद्यात?"

"पोंचो काढला, सायकलवर पांघरला आणि पळत बाहेर पडली. बोगद्याआधी पुन्हा पाऊस लागला, त्यामुळे बोगद्यातून येणारं प्रत्येक माणूस ओलं, आणि ही एकटीच कोरडी. म्हाताऱ्याने आपण होऊन सांगितलं. सायकल दिवा लावून अशी उभी केली, की मागून येणारा तिथेच थबकेल आणि तिथेच शोधत बसेल. आइखश्टेटच्या स्टेशनचं नावही त्याच्या मनात येणार नाही."

"पण कशासाठी? नवऱ्याला सांगून जाता येत नाही?"

"फोन त्याच्या पिशवीत. ती कुठेही निघाली तरी नेणारा तो, आणणारा तो. बायको गायब झाली तरी पोलीस नकोत." अहिल्या ओवीकडे वळली. "उरलेलं तू सांग. क्लासमधली मैत्रीण ना तू?"

ओवीने मान डोलावली. ती म्युनिकला पीएचडी करत होती आणि बुधवारी इंगोलश्टाटला जर्मन शिकवत होती.

"एकदा तिला बरं नव्हतं म्हणून मी घरी गेले," ती म्हणाली. "तो ऑफिसला गेला होता. तिने आतून सांगितलं, दार उघडता येत नाही. मला वाटलं बिघडलंय. मग कळलं, तो बाहेरून कुलूप लावून जातो. रोज." तिने मग घट्ट धरला. "क्लासमध्ये संवादांचा सराव करतात ना, तसं आम्ही हे ठरवलं. सगळ्यांसमोर, जर्मनमध्ये. तो बाहेर गाडीत बसलेला असायचा."

"आज पूर्ण दुपार तू त्याच्यापुढे होतीस," सुधीर म्हणाला. "भीती नाही वाटली?"

"वाटली. सारखं वाटायचं, आता हाक मारेल. आता शेजारी येऊन चेहरा बघेल." तिने मग खाली ठेवला. "त्याने एकदाही बघितलं नाही."

बेकरीत थंडी नव्हती, तरी सुधीरने जॅकेटची चेन वर ओढली.

"मला तिच्या तोंडून ऐकायचंय," अहिल्या म्हणाली. "तुझा शब्द खरा मानते मी. तरीही."

ओवीने फोन लावला. पलीकडून बारीक, धापा टाकणारा आवाज आला. "मी माझ्या पायांनी आलेय, काकू. इथे फ्राउएनहाउसमधल्या, म्हणजे महिला आश्रयगृहातल्या, बाई जवळ आहेत. त्यांनी पोलिसांना कळवलंय, की मी हरवलेली नाही. कुलपाचंही सांगितलंय मी, आमचा आजचा रस्ताही. पोलीस त्याच्याकडे येतील. पण मी कुठे आहे, ते त्याला सांगू नका. प्लीज."

"मी विचारलंही नाही, आणि विचारणार नाही," अहिल्या म्हणाली आणि फोन परत दिला.

बाहेर बसचे दिवे धुक्यातून वर येत होते. ओवी उठली. तिघं बेकरीच्या पायरीवर आली, आणि सुधीर जागीच थांबला.

दोन सायकली दोन्ही हातांनी ढकलत रुपेश रस्ता ओलांडत होता. थेट त्यांच्याकडे. ओवी त्याच्या वाटेतच उभी होती.

तो तिच्यासमोर थांबला. तनयाचा फोटो तिच्यापुढे धरून त्याने जर्मनमध्ये विचारलं, "हिला पाहिलंत का? पिवळा पोंचो घातला होता."

ओवी वाकून फोटो पाहू लागली. तिची मान त्याच्यापासून हातभर अंतरावर होती. दुपारभर ज्या पाठीमागे तो चालला होता, ती पाठ, ते खांदे. तो फोटोकडेच बघत होता.

"नाइन," ओवी म्हणाली आणि बसमध्ये चढली.

"काका, काकूंना काही कळलं?"

सुधीरने त्याला शब्द दिला होता. आयुष्यात त्याला खोटं कधी जमलं नव्हतं. अहिल्या त्यावरून त्याला कायम चिडवायची. बसचं दार अजून उघडं होतं आणि रुपेश आता ड्रायव्हरकडे निघाला होता.

"नाही," सुधीर म्हणाला. त्याने रुपेशचा दंड धरला, घट्ट, आणि त्याला वळवून बेकरीत नेलं. "काहीच कळलं नाही. तू आधी बस. गारठलायस."

मागे बसचं दार मिटल्याचा आवाज आला. अहिल्याने चहा सांगितला. रुपेश ओवीच्याच खुर्चीत बसला, मेजावर सांडलेल्या चहात कोपर टेकून.

"लांब जाऊ शकणार नाही ती," तो म्हणाला. आता तो रडत नव्हता. "तिला माझ्याशिवाय रस्तेच कळत नाहीत. सापडू दे एकदा."

खिडकीबाहेर बस धुक्यात दिसेनाशी झाली होती, आणि ती गेली त्याच बाजूने पोलिसांची गाडी सावकाश गावात शिरत होती.