कडेची पात

मी मुळात भित्री. कुकरची शिट्टी झाली तरी दचकते. बारामतीच्या होस्टेलवर मुली त्यावरून मला चिडवतात. तरी यंदा, शहाण्णव साली, एका रविवारी मी निमगाव केतकीजवळच्या बंगल्याच्या बागेत एकटी गेले. काम साधंच होतं. आईचं खुरपं तिथे राहिलं होतं, ते आणायचं होतं.

बंगला एका मोठ्या बागायतदाराचा. मालकीणबाई राजलक्ष्मी यांच्या वाढदिवशी, वर्षातून एकदाच, ती बाग लोकांना पाहायला खुली असते; त्या रविवारी होती. एरवी आत शिरायचं ते माळ्यांनी आणि खुरपणाऱ्या बायकांनी.

आई, केसरबाई, दिवाळीनंतर त्या टोळीत नवी लागली होती. थोड्याच दिवसांत भर दुपारी ती हातातलं टाकून घरी पळत आली. "कुणीतरी कोपर मारलं गं," एवढंच बोलली आणि आडवी झाली. तेव्हापासून रोज दुपारी तिचा उजवा हात चादरीवर चालायचा. मूठ आवळलेली, मनगट पुढेमागे, खुरपल्यासारखं. डोळा लागला तरी थांबायचा नाही. डॉक्टरांनी सलाईन लावलं, तर त्याच हाताच्या झटक्याने सुई निघाली. अन्न तुटलं. आई आमच्या डोळ्यांदेखत वाळत चालली.

एकदा तिची नखं कापताना आत ओली माती दिसली. मी वास घेतला. लव्हाळ्याच्या गाठी ठेचल्यावर येतो ना, तसा उग्र. आणि आई तर कित्येक दिवसांत उंबऱ्याबाहेर गेली नव्हती.

आमच्या घरात छप्पन्न सालच्या धम्मदीक्षेपासून अंगारेधुपारे बंद. माझे वडील, नाना, देवऋष्याचं नावही काढू देत नाहीत. मीसुद्धा वनस्पतिशास्त्र शिकते. पण आई एकसारखी म्हणायची, "माझं खुरपं तितं चालतंय गं... आण की." शेवटी मी ठरवलं. आणायचंच.

बाग खरंच देखणी. लाल मुरमाचे सरळसोट रस्ते, मापात कातरलेली मेंदी, चौकोनी वाफ्यांत गुलाब, मधोमध कारंजं. मालकांचा पुतण्या ऋषिराज हातात भोंगा घेऊन लोकांना फिरवत होता. "हिरवळीवर पाय ठेवू नका! अहो काका, फूल तोडू नका, पुण्याहून आणलंय!"

फाटकाजवळ पाणी द्यायला टोळीतल्या शकुबाई बसल्या होत्या. त्यांनी मला निरखलं.

"केसरची लेक न्हवं तू? तोंड बघ, तसंच. कशी हाय ती?"

"हात थांबत नाही, मावशी."

त्यांनी तांब्या खाली ठेवला. खुरपताना प्रत्येक बाई आपल्यापुरता एक पट्टा धरते, ती तिची पात. एवढं मला ठाऊक होतं. पुढचं नव्हतं.

"टोळीतली बाई मेली, की तेवढा हंगाम तिची पात मोकळी सोडत्यात," शकुबाई हळू आवाजात म्हणाल्या. "ठमाबाई गेली, आमी बी सोडली. मेंदीमागल्या हिरवळीतली, कडंची. डावरी व्हती ती. मधी बसली की शेजारणीला कोपर लागायचं, म्हणून तिला कायम कडंचीच."

"मग?"

"हंगाम सरला. आता धरावी म्हणून गेलो, तर..." त्यांनी आजूबाजूला पाहिलं. "खुरपलेली व्हती. आमच्या आदीच. तवापास्नं सोडलेलीच हाय. केसर नवी. जागा रिकामी दिसली, बसली बिचारी. कुणी सांगितलंच न्हाय."

"खुरपं तिथेच आहे?"

"कोण हात लावतंय! तू बी जाऊ नगंस, पोरी."

तरी मी गेले.

लोक कारंज्याकडे वळले तशी मी मेंदीच्या भिंतीआड शिरले. मागे चौकोनी हिरवळ. ऊन डोक्यावर होतं, तरी तिथे गार. भोंग्याचा आवाज विहिरीतून यावा तसा खोल खोल गेला. मग ऐकू आलं. खर्र... खर्र... खर्र...

दिसत कुणीच नव्हतं. डाव्या कडेला मात्र उपटलेल्या लव्हाळ्याच्या ढिगल्या, हातहातभर अंतरावर. मुळं ओली. मी पाहत असतानाच पुढे आणखी एक ढिगली झाली. तिच्यापाशी मातीत रुतलेलं खुरपं.

नाकात तोच उग्र वास. मी पदर तोंडात धरला आणि चालत राहिले. वाकले. तेवढ्यात उजव्या कुशीत कोपर बसलं. हाडाचं, गार.

ओरडले असते. ओरडले नाही.

"हे माझ्या आईचं आहे," मी म्हणाले. आवाज फाटला होता. "मी... नेणार."

खर्र थांबलं. मी खुरपं उपसलं आणि मागे न बघता चालत सुटले.

घरी आले तर आईचा हात चादरीवर शांत पडला होता. नानांचे डोळे भरले होते. आई उठून बसली. तिने भाकरी मागितली, कोरड्यास मागितलं. तिची अर्धी भाकरी खाऊन झाल्यावर मी तिच्यासमोर खुरपं ठेवलं. तिने ते उलटंसुलटं केलं.

"हे माझं न्हाय गं."

"म्हणजे?"

"ही मूठ बघ. अंगठ्याची खाच पल्याडच्या अंगाला हाय. डाव्या हातानं झिजलीय ही..."

"मग तुझं कुठे आहे?"

आईने हातातला घास ताटात ठेवला आणि दाराकडे बघितलं.

आता ती बरी आहे. पुन्हा कामाला जाते, दुसऱ्यांच्या शेतावर. ते खुरपं मी कापडात गुंडाळून फळीवर ठेवलंय. पुढच्या वर्षी फाटक उघडलं, की जिथलं तिथे ठेवून येणार. भीती वाटते, पण जाणार, हे नक्की.

तोवर दिवस काढायचेत. काल जेवताना नाना माझ्या डाव्या बाजूला बसले होते. घास थांबवून म्हणाले, "करुणा, नीट बस की. कोपर किती मारशील?"

मी उजव्या हाताने जेवत होते. डावा हात मांडीखाली घट्ट दाबून धरला होता. आणि आम्हा दोघांच्या मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा होती.