बोटभर उतरलेली कड

तलावाच्या पायरीवर कुणा पोरीचा ड्रेस पडलाय, असा फोन आला आणि फौजदारबाई चहा तसाच टाकून निघाल्या.

मलईच्या रंगाचा सॅटिनचा स्लिप ड्रेस. खांद्याला दोन बारीक पट्ट्या, बाकी नुसती झुळझुळ. शेजारी चपला. पोरीची आई ड्रेस छातीशी धरून बसली होती.

"तिचाच आहे हो. काल हाच घालून कामावर गेली. रात्री आलीच नाही."

पाणबुडे पाण्यात उतरले. बाई ड्रेस घेऊन पोरगी काम करायची त्या दुकानात गेल्या. कमरेत घट्ट नि खाली घेरदार, अंगाला लपेटून गाठ मारायचे, असे कधीच जुने न होणारे ड्रेस तिथे शिवत. मागच्या कोपऱ्यात तळघराचं दार, त्याला कुलूप. बाईंनी ड्रेस तिथल्या पुतळ्यावर चढवला. कड अगदी सरळ होती.

"हा कोणी शिवला?"

"मीच," मालकीण म्हणाली. "माझ्याशिवाय इथे शिवतं कोण? ती नुसती गिऱ्हाइकं बघायची."

"कधी?"

"महिना झाला. कापड उरेब, म्हणजे तिरकं कापलंय. असं कापड आपल्याच वजनानं खाली उतरतं. म्हणून आठवडाभर टांगला, कापड उतरू दिलं, मग कड सारखी करून तिला दिला."

"काल ती कधी गेली?"

"संध्याकाळी. रडत. माझ्या मुलानं लग्नाला नकार कळवला होता, तो मी सांगितला. असं काही करेल, वाटलं नव्हतं हो."

दुपार टळली तरी तलावात काही सापडेना. आई येऊन दुकानाच्या पायरीवर बसली.

"निदान तोंड तरी बघू द्या हो तिचं," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

बाईंना तिच्याकडे बघवेना, म्हणून त्या पुतळ्याकडे बघत राहिल्या. आणि चपापल्या. ड्रेसची कड दोन्ही बाजूंनी चांगली बोटभर खाली आली होती.

वर्दी चढायच्या आधी बाईंनी शिवणकामाचा क्लास केला होता. लग्न जमावं म्हणून. लग्न राहिलं, शिवणकाम मात्र लक्षात राहिलं.

"मालकीणबाई, महिन्यापूर्वी टांगून उतरलेलं कापड आज पुन्हा कसं उतरलं?"

मालकीण ड्रेस काढायला पुढे झाली. बाई आडव्या आल्या.

"कारण हा तो ड्रेसच नाही. हा काल रात्री शिवलाय, टांगायला वेळच मिळाला नाही. शिवणाऱ्या तर तुम्ही एकट्याच. दुसरा का लागला? पहिला तलावावर ठेवण्यासारखा राहिला नव्हता म्हणून. तुमच्या मुलानं नकार दिलेला नाही, सकाळीच फोनवर विचारलंय मी त्याला. सून नको होती ती तुम्हालाच. पोरगी इथून बाहेर पडलीच नाही. तळघराची किल्ली द्या."

"जिन्यावरून पडली ती," मालकीण पुटपुटली. "मी नुसतं ढकललं. मला वाटलं, गेली."

कापडाच्या ताग्यांमागे पोरगी पडली होती. केसांत रक्त सुकलेलं, सॅटिन पार तपकिरी झालेलं. बाईंनी नाडी धरली. लागत होती.

आईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं. पोरीनं कसेबसे डोळे उघडले.

"रात्रभर हाका मारल्या गं आई. हाक मारली की वरचं मशीन थांबायचं. मग परत सुरू व्हायचं."