कानामागची टिकली

कराडच्या मैदानावर लष्करभरतीला ही गर्दी पोरींची, आणि प्रत्येकीच्या कानामागं टिकली! खरं नाव श्रमसंवेदक, पण असलं नाव कोण घेतंय? जोडीदाराच्या अंगाला जे होतंय ते थेट आपल्या अंगात उतरवायची ती. बर्फात तुकडीतलं कोण ढेपाळलंय ते न विचारता कळावं, म्हणून काढलेली. पळायचं जोडीनं, जोड्या लावणार यंत्र, आणि एक जरी मागं राहिली तरी दोघी घरी.

वृंदा काटकर पुढच्या भरतीला वयात बसणार नव्हती. आज नाही तर कधीच नाही! आणि तिच्या वाट्याला आली कोण, तर लातूरची रेहाना. ताडमाड उंच, पण इतकी भ्यालेली, की घाम वृंदाच्या तळहातांना सुटला.

"जेवलीस का गं सकाळी?"

"घासच जाईना ताई."

शिट्टी झाली. निम्मं अंतर कापलं आणि वृंदाच्या बरगडीखाली अशी कळ उठली म्हणता! तिची नव्हतीच ती, रेहानाची होती. भरतीच्या क्लासमधल्या सरांनी युक्ती शिकवलेली, श्वास रोखायचा आणि जोडीदाराला बंद करून टाकायचं. वृंदानं केलं. अंग कसं पिसासारखं हलकं! सुसाट सुटली, वळून बघते तर रेहाना पार मागं, वाकून उभी.

गेलं की सगळं!

वृंदा उलटी पळाली, श्वास सोडला, कळ परत अंगावर घेतली. तिच्या गावात पोरी पहाटे पळायच्या त्या एकमेकींना शिव्या घालतच. तोंडातून तेच निघालं, "अगं ए म्हशे! वरातीत आलीयस व्हय? बरगडी माझी दुखतीय, आणि नखरे तुझे?"

"ताई, हसवू नको, मरते मी!"

पण रेहाना हसली, आणि ते हसू वृंदाच्या पोटात उकळ्या फोडत आलं. कळ सैल पडली दोघींचीही. खिदळत, धडपडत, शेवटच्या शिट्टीला दोघींनी रेघ ओलांडली.

"सर्कस आहे का ही?" सुभेदार मॅडम गरजल्या. मग ओठ दाबून म्हणाल्या, "पास. दोघी."

टिकल्या काढून घेतल्या. झाडाखाली रेहाना वृंदाच्या डब्यातली भाकरी हाणत होती, आणि एक घासही न खाता वृंदाचं पोट भरत चाललेलं!

"मॅडम, टिकली काढली तरी तिचं अजून मला कळतंय. हे जातं ना?" वृंदानं जवळून चाललेल्या सुभेदार मॅडमना विचारलं.

"कुणाचं जातं. कुणाचं राहतं."

रेहाना खाता खाता थांबली. "ताई, बॉर्डरवर पलीकडच्याच्या कानामागंबी हीच टिकली असली, अन् त्याचीबी कळ आपल्याला लागली तर?"

"असू दे की!" वृंदा हसली. "ओरडून विचारू, काय रे, जेवलायस का?"

"अन् नाही म्हणला तर?"