दुसरी ठिणगी

त्या काळात जन्मलेल्या मुलांना फोटोतले डोळे चमकतात हे ठाऊकच नव्हतं. लग्नाचा फोटो घ्या, शाळेचा घ्या, नाही तर निवडणुकीचा फलक घ्या. दात चमकायचे, दागिने चमकायचे, डोळे मात्र काळ्या बटणांसारखे चेहऱ्यावर शिवलेले असायचे. लोकांना त्याची सवय झाली होती. माणसाला कशाचीही सवय होते.

याला कारण झालं नेत्रबिंब. आपल्या डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा म्हणजे एक इवलासा फुगीर आरसाच असतो. फोटो काढताना समोर जे काही असेल, त्याची प्रतिमा त्या आरशात उमटते आणि फोटोतही येते. तिलाच नेत्रबिंब म्हणतात. पूर्वी ती इतकी बारीक आणि विस्कटलेली असे की कुणी तिच्या वाटेला जात नसे. मग पुण्याच्या एका प्रयोगशाळेत डॉ. मृण्मयी सोनटक्के यांनी ती उलगडायची गणिती रीत शोधली आणि काही वर्षांत ती प्रत्येकाच्या फोनमध्ये येऊन बसली. फोटोतल्या माणसाच्या डोळ्यावर बोट ठेवायचं, की फोटो काढणारा समोर हजर.

पुढे जे व्हायचं ते झालं. ‘महाबळेश्वरला एकटाच गेलो होतो’ म्हणणाऱ्या एका नवरदेवाच्या डोळ्यात पिवळ्या ओढणीची मुलगी सापडली आणि मांडव घालायच्या आत लग्न मोडलं. अशी शंभर लग्नं मोडल्यावर कॅमेरेवाल्या कंपन्यांना जाग आली आणि ‘डोळेपुसणी’ निघाली. बटण दाबताक्षणी कॅमेरा आपणहून डोळ्यांतली चमक पुसून टाकायचा. नंतर तसा कायदाच झाला. न पुसलेला फोटो घरात ठेवता येई, पण चारचौघांत लावता येत नसे.

बार्शीत एसटी स्टँडच्या मागच्या बोळात रूपाली फोटो स्टुडिओ होता. त्याचे मालक त्र्यंबककाका लोखंडे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. डोळे पुसायचे नाहीत हा त्यांचा हट्ट होता. त्यामुळे गिऱ्हाईक येत नसे, तरी रोज सकाळी दहाला ते शटर वर करत, पडदा झटकत आणि स्टूल पुसून ठेवत.

अशाच एका दुपारी पंचेचाळिशी ओलांडलेली एक बाई आत आली.

“काका, ओळखलं का? सोनटक्के मास्तरांची मी. मृण्मयी.”

“नावानं कोण ओळखतंय? हनुवटी वर कर जरा.” काकांनी डोळे बारीक केले. “हां. चौथीच्या स्कॉलरशिपच्या फॉर्मला आली होतीस. डावा कान मोठा. म्हंजे पेपरात नाव येतंय ती तूच? साऱ्या जगाचे डोळे विझवलेस, आता हितं काय विझवायला आलीस?”

“मी विझवले नाहीत हो. मी फक्त वाचायला शिकवलं. विझवले लोकांनी.”

“पोथी वाचता यायला लागली म्हणून लोकांनी पोथीच जाळली, असं म्हण की.”

मृण्मयी हसली, पण तिला ते लागलं. म्हणाली, “मला माझा एक फोटो हवाय. न पुसलेला. घरात ठेवायला. माझे सगळे फोटो मेल्यासारखे दिसतात.”

काकांना एवढंच पाहिजे होतं. ते लगबगीनं दिवे लावायला गेले. स्टुलावर बसल्या बसल्या मृण्मयीचं लक्ष भिंतीकडे गेलं. तिथे चंदनाचा हार घातलेला एक फोटो होता. कुठल्याशा ओळखपत्रावरचा फोटो मोठा केलेला, नुसते चौकोन चौकोन. बाई आहे एवढंच कळत होतं.

“मालनकाकू?”

“पाच वर्षं झाली.”

“काका, तुमच्याकडे त्यांचा दुसरा फोटो नाही?”

निम्म्या बार्शीच्या भिंतींवर हार घातलेले जे फोटो होते, ते काकांनी काढलेले. आणि त्यांच्याच घरी ही अवस्था. तेराव्याला त्यांचा मेहुणा चारचौघांत म्हणाला होता, “दाजी, दिव्याखाली अंधार म्हणत्यात तो ह्योच.” काका त्याच्यावर रागावले नव्हते. रागवायला जागा नव्हती.

“कसा असंल?” ते म्हणाले. “ती बोर्ड धरायची ना.”

बोर्ड म्हणजे थर्माकोलचा मोठा पांढरा तक्ता. चेहऱ्याच्या एका बाजूला दिवा असला की दुसरी बाजू काळवंडते. त्या बाजूला पांढरा तक्ता धरला, की त्यावरून परतलेला उजेड सावली मऊ करतो. लग्न झाल्यापासून मालनकाकू काकांच्या डाव्या हाताला तो तक्ता धरून उभ्या राहत. वरच्या कडेवर हनुवटी टेकवलेली, आणि गिऱ्हाईक आखडून बसलं की त्यांची बडबड सुरू होई. “मास्तर, सकाळी वांगं होतं का जेवायला? तोंड तसं का झालंय?” गिऱ्हाईक फसकन हसे आणि काका ओरडत, “मालन, फॉर्मचा फोटो हाय, दात चालत न्हाईत!”

“माझ्या वेळी त्यांनी गाल फुगवले होते,” मृण्मयी म्हणाली.

काका दिव्याशी खुडबूड करत राहिले. मग पाठमोरेच बोलले, “खरं सांगू का पोरी? तिचा चेहरा जातोय माझ्या डोक्यातनं. हात आठवतात. तक्त्याच्या कडंवरची बोटं आठवतात. चेहरा आठवायला गेलं, की ह्यो भिंतीवरचा येतो.” एवढं बोलून ते दिव्याची वायर विनाकारण गुंडाळत बसले.

मृण्मयी स्टुलावरून उठली. “काका, तुम्ही किती लोकांचे फोटो काढले असतील?”

“निम्म्या तालुक्याचे.”

“मग निम्म्या तालुक्याच्या डोळ्यांत काकू उभ्या आहेत.”

काकांना ते पटलं नाही. जुनी फिल्म, तिच्यावर तिळाएवढा डोळा, त्यात कणभर माणूस. काय दिसणार?

“एका निगेटिव्हमध्ये काहीच नाही,” तिनं समजावलं. “फिल्मचे तीन-चार कण, तेही वेडेवाकडे. पण काका, भजनाला शंभर माणसं बसतात. एकेकाचं ऐकलं तर प्रत्येकजण बेसूर. तरी सगळ्यांचं मिळून भजन सुरात लागतं, कारण जो तो आपापल्या तऱ्हेनं चुकतो आणि चुका एकमेकींना खाऊन टाकतात. सूर तेवढा सगळ्यांत सारखा असतो, तो उरतो. फिल्मचे कण असेच चुकतात. हजार डोळे एकावर एक ठेवले की कण विरून जातील, आणि जे दरवेळी तिथे उभं होतं ते उरेल.”

दुसऱ्या दिवशी ती यंत्र घेऊन आली. काकांनी आपली खास पेटी काढून दिली. निवडलेल्या, छापलेल्या, पसंत पडलेल्या निगेटिव्ह, आयुष्यभराची कमाई. दोन दिवस यंत्र चाललं. तिसऱ्या दिवशी पडद्यावर चित्र आलं. पांढरी छत्री लावलेला दिवा दिसला, तिकाटण्यावरचा कॅमेरा दिसला, मागे दाराची चौकट दिसली. कॅमेऱ्याच्या शेजारी, जिथे काकू हव्या होत्या, तिथे मात्र काळं भोक होतं.

“असं होऊ शकत नाही,” मृण्मयी म्हणाली. “इथे काहीतरी होतं, ते कुणीतरी काढून टाकलंय. हे बघा, ओरखडे आहेत.”

काकांनी पडद्याजवळ जाऊन ते ओरखडे निरखले. मग त्यांनी खण उघडला आणि लाकडी मुठीत बसवलेला दाढीच्या ब्लेडचा तुकडा तिच्यापुढे ठेवला.

फोटोत डोळ्यामध्ये जो पांढरा ठिपका चमकतो, त्याला धंद्यात कॅचलाइट म्हणतात. काकांचे सोलापूरचे उस्ताद त्याला ठिणगी म्हणत. ‘एका डोळ्यात एकच ठिणगी’ हा त्यांचा दंडक. दिव्याची ठिणगी ठेवायची आणि पांढऱ्या तक्त्याची जी दुसरी पडते, ती ब्लेडनं अलगद खरवडून टाकायची. दोन ठिणग्या दिसल्या तर बघणारा म्हणे फोटोग्राफरला कच्चा समजतो. काकांचा या कामात हात असा, की पुण्याहून लोक निगेटिव्ह साफ करायला त्यांच्याकडे पाठवत.

“तक्त्याची ठिणगी म्हंजे तक्ता. आणि तक्त्यामागं ती.” त्यांनी ब्लेडकडे बोट केलं. “मीच काढली तिला. ह्या हातानं. एकेका डोळ्यातनं.”

मृण्मयीनं ब्लेड अलगद बाजूला सारलं. मग तिनं विचारलं, “आणि नापास फोटो? जे छापलेच नाहीत?”

“त्ये कोण ठेवतंय? टाकून—” काका बोलता बोलता थांबले आणि त्यांनी माळ्याकडे बघितलं.

माळ्यावर वनस्पती तुपाचे अकरा डबे होते. नापास निगेटिव्ह फेकायला काकूंचा जीव होत नसे. “लोकांची तोंडं कचऱ्यात टाकायची न्हाईत, पाप लागतं,” असं म्हणून त्या वर्षवार पाकिटं करत, वर आपल्या अक्षरात साल घालत आणि डबे भरत. जागा अडते म्हणून काका वर्षानुवर्षं त्यांच्याशी भांडले होते. शहाऐंशी सालापासून दोन हजार चारपर्यंत, एकोणीस पाकिटं. पुढे डिजिटल आलं, सावली संगणकावरच मऊ करता येऊ लागली, तक्त्याची गरज उरली नाही आणि काकू घरी राहू लागल्या.

डब्यातल्या निगेटिव्ह उजेडात धरल्यावर मृण्मयीला हसू आवरेना. मान वाकडी, कॉलर उलटी, आणि बहुतेक माणसं पोट धरून हसणारी. हसली म्हणूनच नापास झालेली. एकाच्याही डोळ्याला ब्लेड लागलं नव्हतं. नापास निगेटिव्हवर मेहनत कोण घेतो?

यंत्र सुरू करण्याआधी ती म्हणाली, “काका, एक सांगून ठेवते. यातून एखाद्या क्षणाचा चेहरा येणार नाही. हजारोंची सरासरी येईल, आणि सरासरी म्हणजे सवय. कॅमेऱ्याचं बटण दाबलं जायचं तेव्हा काकूंचा चेहरा बहुतेक वेळा जसा असायचा, तसा तो येईल. गोड करून देता येणार नाही.”

काकांचा हात पाकिटावरच थांबला.

“एकदा ती मोरपंखी लुगडं नेसून आली,” ते म्हणाले. “लग्नाला दोन वर्षं झाली असतील. त्या स्टुलावर बसली आणि म्हणाली, आज माझा काढा. बाहेर वऱ्हाड थांबलं होतं. मी म्हणलं, लगीनसराई संपू दे. ती उठली, तक्ता घेतला. परत कधी बोलली न्हाई.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “ती जर पुढं सारा जन्म रुसून हुभी असंल, तर तसा चेहरा मी बघू का? आत्ता निदान चौकोन तरी हायेत.”

“नको असेल तर थांबते.”

काकांनी पाकिटावरच्या तिच्या अक्षरावरून अंगठा फिरवला. “तिनं ठिवलंय म्हंजे बघायलाच ठिवलं असंल,” ते म्हणाले. “कर चालू.”

संध्याकाळी पहिलं चित्र आलं. साल शहाऐंशी. पांढऱ्या तक्त्याच्या कडेवर टेकवलेली हनुवटी, कपाळावर मोठं कुंकू, नाक किंचित बसकं. चेहरा थोडा धुरकट होता, पण माणूस अचूक ओळखू येत होतं. काकांनी पडद्याला हात लावला आणि लहान मुलासारखे रडले.

एकामागून एक साल येत गेलं. काकू अंगानं भरल्या, मग चष्मा आला, मग कानाजवळ पांढरे केस. स्टुलावरची माणसं हसत होती ती त्यांनाच बघून. पण काकू गिऱ्हाइकाकडे बघत नव्हत्या. बटण दाबलं जाई त्या क्षणी, एकोणीसही वर्षं, त्या मान वळवून आपल्या उजव्या हाताला बघत होत्या. काकांकडे. ओठ मिटलेले, आणि डोळ्यांत असं काही, की मृण्मयीनं नजर खाली घातली.

“तक्ता हलू नये म्हणून माझ्या बोटाकडं बघत असंल,” काका चाचरत म्हणाले.

“बोट खाली असतं, काका. त्यांची नजर वर आहे.”

मग काकांनी त्या नजरेच्या वाटेनं पाहिलं. तक्त्याच्या शेजारी एक माणूस उभा होता. त्याचा शर्ट दिसत होता, कोपर दिसत होतं. चेहऱ्याच्या जागी काळी पेटी आणि तिला एक काचेचा डोळा. पुढच्या साली तेच. त्याच्या पुढच्या साली तेच. केस पिकत गेले, पोट सुटलं, कॅमेरे तीनदा बदलले, पण एकोणीस वर्षांत त्या माणसाला तोंड नव्हतं.

“ही ह्याच्याकडं बघत होती?” काकांनी विचारलं. “येवढी वर्षं?”

मृण्मयीच्या गणितात तो प्रश्न नव्हताच.

दुसऱ्या दिवशी भिंतीवरचे चौकोन उतरले आणि त्या जागी मोरपंखी लुगड्याच्या सालातल्या काकू लागल्या, तक्त्यावर हनुवटी टेकवून. रुसल्याची खूण कुठेच नव्हती.

काका म्हणाले, “तुझा फोटो राहिलाय. बस.”

कॅमेरा तिकाटण्यावर लावून त्यांनी त्याला लांब तारेचं बटण जोडलं. या बटणानं कॅमेऱ्यामागे न जाता फोटो काढता येतो. ते खणात तीस वर्षं पडून होतं. काका कॅमेऱ्याच्या बाजूला उभे राहिले, उघड्या चेहऱ्यानं, हात कुठे ठेवावा ते न कळल्यासारखे. डाव्या हाताला त्यांनी तक्ता खुर्चीला टेकवून ठेवला होता. मृण्मयीला हसवायला त्यांनी आपले सुरकुतलेले गाल फुगवून पाहिले. तिला हसू आलं आणि रडूही आलं. त्यांनी बटण दाबलं.

तो फोटो आजही पुण्यात तिच्या घरी आहे, न पुसलेला. डोळ्यांत दोन ठिणग्या आहेत. पहिलीवर बोट ठेवलं की छत्रीच्या दिव्याशेजारी एक म्हातारा दिसतो, चेहरा स्वच्छ, गाल फुगवलेले. दुसरीवर ठेवलं की पांढरा तक्ता दिसतो, आणि त्याच्या कडेवर कुणी नाही.