मरणाचं साल नसलेला आर्चड्यूक

ऑस्ट्रियाच्या राजघराण्यात आर्चड्यूक काय कमी होते! बादशहा व्हायचा एकच. बाकीचे राजपुत्र बिचारे, कुणी फुलपाखरं जमवतोय, कुणी कुलपं दुरुस्त करतोय. अशा, कुणाच्या खिजगणतीत नसलेल्या सतरा जणांच्या तसबिरींचं प्रदर्शन जपानमधल्या सेंदाई शहराच्या एका छोट्या संग्रहालयात लागणार होतं. खालच्या पट्ट्या चिकटवायचं काम सुनेत्राकडे होतं. नाव, जन्मसाल, मृत्यूचं साल. काम साधंच.

सोळा झाले. सतरावा एबरहार्ड. जहाज घेऊन गेला तो परत आलाच नाही, आणि त्याच्या मरणाचं साल त्याच्या आईनं, ती जिवंत असेपर्यंत, कुठ्ठे लिहू दिलं नाही.

"कोर्टानं मृत ठरवलं ते साल टाका, सुनेत्रा-सान," असं सांगून संग्रहालयाचे प्रमुख मोरिता-सेन्सेई जेवायला गेले.

सांगायला काय जातंय! सुनेत्राचा नवरा उदय समुद्राच्या पाण्याचे नमुने आणायला किनाऱ्यावर गेला आणि त्याच दुपारी त्सुनामी आली. दोन वर्षं झाली, देह मिळाला नाही. मृत्यूनोंदीचा अर्ज तिच्या पर्समध्ये तसाच पडून होता. पुण्याहून सासूबाईंचा रोज फोन यायचा. "सही करू नकोस हं, सुनेत्रा. येईल माझा उदय." हीपण रोज म्हणायची, "नाही करत, आई."

तिनं पट्टी चिकटवली. हात काढला तर मरणाचं साल पुसलेलं. कागद ओलाचिंब, आणि खारा, कुबट वास. दुसरी पट्टी लावली, तेच. तिनं तिसरी लावली.

"मारू नका हो त्याला..."

कोपऱ्यातल्या खुर्चीत काळ्या रेशमी झग्यातली एक गोरी म्हातारी बसली होती. झग्याच्या काठातून पाणी ठिबकत होतं. ती कुठल्या भाषेत बोलली ते सुनेत्राला आजतागायत सांगता येत नाही, पण कळलं सगळं.

"बाई, तो... गेला हो. शंभरावर वर्षं झाली."

"शंभर?" म्हातारी गोंधळली. "अहो, मी ताट झाकून ठेवलंय... निजलेसुद्धा नाही अजून..."

 सुनेत्राची भीती कुठल्या कुठे गेली, नुसतं रडू फुटलं. शंभर वर्षं एक आई अशी जागी! आणि तिकडे पुण्यात दुसरी.

"नाही येणार तो, आई," ती म्हणाली. "झोपा आता."

म्हातारीनं तिच्याकडे पाहिलं. "आणि तुझा...?"

 सुनेत्रा डोळे पुसून पाहते तो खुर्ची रिकामी, खाली पाण्याचं थारोळं. तिसऱ्या पट्टीवरचं साल मात्र टिकलं.

त्याच दुपारी ती वॉर्ड ऑफिसात गेली. खिडकीपाशी उभं राहून तिनं अर्ज भरला. मृत्यूच्या वेळेचा रकाना कोरा सोडला, कारण ती कुणाला ठाऊक असणार? सही करताना तिनं मनातल्या मनात सासूबाईंची माफी मागितली.

कारकुनानं दोन्ही हातांनी कागद घेतला, मान लववली.

"वेळ लिहिलीत ते बरं झालं," तो हलक्या आवाजात म्हणाला. "बहुतेकांना माहीत नसते."

तिनं वाकून पाहिलं. दुपारी तीन वाजून बावन्न मिनिटं. अक्षर उदयचं होतं.

"बरोबर आहे ना?"

"हो..." सुनेत्रा म्हणाली. "त्यालाच माहीत असणार."

शाई अजून ओली होती.