हात बाहेर

दिवा राहू दे बंद. मला अंधारात सांगायला बरं पडतं. आणि मध्येच 'खरंच का?' असं कुणी विचारायचं नाही. मी घड्याळं दुरुस्त करणारा माणूस, एकेचाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून बसलोय. यातलं निम्मं मी स्वतः पाहिलंय. उरलेलं ज्याच्यावर गुदरलं त्याने सांगितलंय, आणि तो थापा मारणाऱ्यातला नव्हे. थापा मारायला लागते तेवढी अक्कलच त्याच्याकडे नाही, हे मी प्रेमाने म्हणतोय.

माझ्या दुकानाला लागून कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. दोघांचं. एक ताडमाड उंच, दुसरा त्याच्या खांद्यालाही न पोचणारा. सगळी गल्ली त्यांना लंबू आणि टिंगू म्हणायची, आणि तेही एकमेकांना तशीच हाक मारायचे. बावीस वर्षं एका टेबलावर काम केलं. लंबूने लग्न केलं नाही, त्यामुळे टिंगूचं घर तेच त्याचं घर. टिंगूचे हात लहान, म्हणून कॅबिनेटच्या आत हात तोच घालायचा. लंबू मागे स्विचपाशी उभा. वीज देण्याआधी लंबू विचारायचा, "हात बाहेर?" आतून उत्तर यायचं, "बाहेर." मगच बटण. फार पूर्वी एकदा फिरत्या पंख्यात टिंगूचं बोट सापडलं होतं, तेव्हापासूनचा हा नेम. दिवसातून वीसेक वेळा भिंतीपलीकडून मला ते ऐकू यायचं. मग एका मार्चमध्ये टिंगू झोपेतच गेला, आणि भिंत गप्प झाली.

त्यानंतर आठ महिन्यांनी, नोव्हेंबरची एकवीस तारीख, मंगळवार. दुपारी चारला लंबू टिंगूच्या घरी टिंगूचाच जुना कॉम्प्युटर आणायला गेला. टिंगूची मुलगी इमारतींचे नकाशे काढायचं शिकत होती, शेवटचं वर्ष. गुरुवारी दुपारी बाराच्या आत काम जमा करायचं होतं, आणि त्या कॉम्प्युटरवर एकेक चित्र तयार व्हायला सहा-सहा तास लागत होते. अशी नऊ चित्रं बाकी होती.

"काका, प्रोसेसर बदलला तर होईल ना वेळेत?"

"होईल. उद्या सकाळी आठला तुझ्या टेबलावर."

"नाहीतर वर्ष जाईल माझं. बाबा असते तर..." ती थांबली.

"अगं, काका आहेत ना," वहिनी, म्हणजे टिंगूची बायको, म्हणाल्या.

लंबूने कॉम्प्युटर उचलला, पण खरं काय ते सांगितलं नाही. आठ महिन्यांत त्याने एकट्याने एकही कॅबिनेट उघडलं नव्हतं. माउस विकायचा, केबल विकायचा, मोठं काम आलं की 'वेळ नाही' म्हणून माणूस परत पाठवायचा. वेळ तर ढीगभर होता. वेळच होता फक्त.

काम त्याने नीट सुरू केलं. जुन्या मदरबोर्डाने नवा प्रोसेसर ओळखावा म्हणून आधी बोर्डाचं आतलं सॉफ्टवेअर नवं करावं लागतं, आणि तेही जुना प्रोसेसर जागेवर असतानाच. ते केलं. मग पंखा काढला, जुना प्रोसेसर काढला, नवा बसवला, वर उष्णता वाहून नेणारी पेस्ट लावली, पंखा आवळला, वीज दिली. पंखा फिरला. थांबला. पुन्हा फिरला. पडदा काळा तो काळाच.

रॅम काढून पुसून लावली. एकच पट्टी लावून पाहिली. ग्राफिक्स कार्ड काढलं, पॉवर सप्लाय दुसरा लावला. काही नाही. शेवटी प्रोसेसर उचलून टॉर्च मारला. प्रोसेसर जिथे बसतो त्या चौकोनात केसाएवढ्या हजारभर पिना असतात. त्यातल्या एका कोपऱ्यातल्या तीन आडव्या झाल्या होत्या. बसवताना प्रोसेसर त्याच्याच बोटांतून निसटून तिथे टेकला होता. आता नवा चालणार नाही आणि जुनाही चालणार नाही. तसला बोर्ड बाजारात मिळायचा बंद होऊन सात वर्षं झाली होती.

साडेसातला तो बोर्ड दोन्ही हातांवर धरून माझ्याकडे आला. मी शटर अर्धं ओढलं होतं. भिंग लावून पाहिलं. काम माझ्या हातातलं होतं, खोटं कशाला बोलू. पण एखादी पिन तुटली तर खापर आपल्यावर फुटायचं.

"माझा हात आता स्थिर नाही रे," मी म्हणालो. "हा चिमटा घे आणि तूच बघ."

तो चिमटा घेऊन गेला. मी घरी आलो. हात चांगला स्थिर होता माझा.

आता पुढचं त्याने सांगितलेलं.

दुकानाचं शटर त्याने आतून गुडघ्यापर्यंत ओढून घेतलं. टॉर्च चिकटपट्टीच्या गुंडाळीवर टेकवला. तो सारखा घसरायचा. धरायला कुणी नाही. एका पिनेला पाऊण तास लागला. मधूनमधून तो टिंगूशी बोलायचा, म्हणजे नुसतं पुटपुटायचा, जुन्या सवयीने. "पाहिलंस का, आली जागेवर." शेजारची दुकानं बंद झाली. रस्त्यावरची वर्दळ संपली. तिसरी पिन उभी राहिली तेव्हा दहा वाजत आले होते. प्रोसेसर बसवला. पेस्ट. पंखा. सगळ्या वायरी. मग तो उठून मागे गेला, स्विचपाशी. आणि तोंडातून निघून गेलं...

"हात बाहेर?"

जीभ चावली त्याने. आठ महिन्यांत ते शब्द उच्चारले नव्हते.

"थांब."

...

रस्त्यावरून नाही. शेजारून नाही. कॅबिनेटच्या आतून. हळू. तोंडात स्क्रू धरून माणूस बोलतो तसं.

 लंबू पुढे आला. पळाला कसा नाही, हे मला आजही कळत नाही. पंखा पुन्हा सोडवला, प्रोसेसर उचलला, टॉर्च मारला. दुसऱ्या कोपऱ्यात चौथी पिन. वाकून शेजारणीला टेकलेली. माझ्या भिंगाखाली ती सरळ होती, आता पुन्हा बसवताना वाकली असणार. वीज दिली असती तर बोर्ड जळालाच असता.

ती सरळ केली. पुन्हा सगळं जोडलं. अकराला दहा मिनिटं कमी.

पुन्हा स्विचपाशी.

"हात बाहेर?"

...

"टिंगू. हात बाहेर?"

...

उत्तर नाही. वीज बंद. आणि आतला पंखा फिरला. एक फेरा. अर्धा. थांबला. बोटाने फिरवून बघावा तसा.

 दार तीन पावलांवर. पण मुलीचं वर्ष त्या टेबलावर होतं. बटण दाबावं तर... हात अजून आत आहेत. एकदा विचारल्यावर उत्तर आल्याशिवाय त्याने कधीच बटण दाबलं नव्हतं.

तो उभा राहिला.

त्याला भीती वाटत होती. पण मला तो म्हणाला, "भीती वेगळ्याच गोष्टीची होती. उत्तर आलं की काम संपलं. काम संपलं की मी पुन्हा एकटा."

...

...

"बाहेर."

त्याने बटण दाबलं.

पंखा फिरला. थांबला नाही. पडद्यावर उजेड आला.

"आहेस का रे?" लंबूने विचारलं.

...

"चल घरी. जेवायला."

...

 पंखा तेवढा फिरत राहिला. लंबू स्टुलावर बसला आणि पोटभर रडला, टिंगू गेला त्या दिवशी रडायला जमलं नव्हतं तसा.

बुधवारी आठला कॉम्प्युटर मुलीच्या टेबलावर होता. गुरुवारी साडेअकराला तिचं काम जमा झालं. त्याच संध्याकाळी लंबू माझ्या दुकानात आला आणि हे सगळं सांगितलं. मी मान डोलावत होतो आणि मनात म्हणत होतो, एकटं राहून याच्या डोक्यावर परिणाम झाला. तेव्हा त्याने खिशातून एक गोल चपटी बॅटरी काढून माझ्या काउंटरच्या काचेवर ठेवली.

"ही मंगळवारी बोर्डातून काढली होती, जुनी सेटिंगं पुसायला. परत लावायची राहून गेली."

घड्याळवाल्याला एवढं कळतं. कॉम्प्युटरची वायर काढली की आतलं घड्याळ त्या बॅटरीवर चालतं. बॅटरीच नसली तर वेळ पुसली जाते आणि तारीख भलत्याच वर्षात जाते.

"मग तिच्याकडे तारीख चुकली असेल," मी म्हणालो.

"नाही चुकली," लंबू म्हणाला.

आम्ही दोघं तसेच उठून गेलो. मुलगी दोन रात्रींची झोप काढत होती. वहिनींनी दार उघडलं. लंबूने कॉम्प्युटर बंद केला, भिंतीतून वायर काढली, बाजूचा पत्रा उघडला. बॅटरीची जागा रिकामी. मी बोट घालून पाहिलं. अर्धा तास आम्ही समोर बसून राहिलो. मग वायर लावली. नेटवरून वेळ येते म्हणाल, म्हणून नेट सुरू व्हायच्या आधीचा, सगळ्यात पहिला सेटिंगचा पडदा उघडला.

गुरुवार, तेवीस. सात वाजून बेचाळीस मिनिटं. मी मनगटावरचं घड्याळ त्याच्या शेजारी धरलं. सेकंदही जुळत होते.

मी बॅटरी बसवायला हात पुढे केला. लंबूने माझं मनगट धरलं.

"राहू दे," तो म्हणाला. "त्याला करू दे एवढं."

याला दोन वर्षं झाली. लंबू पुन्हा कॅबिनेटं उघडतो. मुलगी नोकरीला लागली, कॉम्प्युटर वहिनींकडेच असतो. महिन्यातून एकदा मी तिथे जातो, वायर काढतो, थोडा वेळ बसतो, परत लावतो. माझ्या भिंतीवरची सगळी घड्याळं महिन्यात मिनिट-दोन मिनिटं मागेपुढे होतात. त्या कॉम्प्युटरचं होत नाही. बॅटरीची जागा अजून रिकामीच आहे.