‘पर्यंत’चा रकाना

गुरुवार म्हणजे फौंड्रीची सुट्टी. भट्ट्या थंड, क्रेन गप्प, वॉचमनचं कुत्रं तेवढं जागं. दुपारी साडेतीनला विजयसिंह साहेबांनी शिपाई संग्रामला मुद्दाम बोलावून घेतलं. काम तसं साधंच होतं. संगणकाची खोली उघडायची, ऑफिसच्या स्वप्नालीताईंबरोबर बसायचं आणि यादीतलं एक नाव काढायचं.

ते नाव संग्रामच्या थोरल्या भावाचं होतं. प्रसेनजीतचं.

"राग मानू नकोस पोरा," साहेब म्हणाले. "पण माणूस जाऊन तीन म्हैनं झालं, आन् त्याच्या सहीचा मेल अजून रोज चारला येतोय. लोकं बिचकत्यात. त्या फायलीचा पासवर्ड तुला ठावं हाय, व्हय ना?"

याआधी दोनदा संग्राम न्हाय म्हणाला होता. आज मात्र तो उसळून बोलला, "हाय ठावं! पण नाव मीच काढणार. दुसऱ्या कुणी हात लावायचा न्हाय."

प्रसेनजीत येण्याआधी त्या ऑफिसातल्या मेलखालच्या सह्या म्हणजे नुसती जत्रा होती. कुणाच्या सहीत गुलाबाचं फूल, कुणाच्या सहीत देव, तर स्टोअरच्या केरबानं आपल्या बैलजोडीचा फोटो लावलेला. परदेशातल्या गिऱ्हाइकानं एकदा विचारलं म्हणे, तुम्ही बैलही विकता काय? तेव्हा प्रसेनजीतनं आठ दिवस बसून एक स्क्रिप्ट, म्हणजे संगणकानं आपोआप पाळायच्या सूचना, लिहिली. सगळ्यांची नावं एका यादीत. सकाळी संगणक सुरू झाला की स्क्रिप्ट यादी वाचणार आणि ज्याची त्याची सही आपोआप तयार करणार; चार वाजता सगळ्या तपासून प्रसेनजीतच्या सहीनं तसा मेलही धाडणार. सत्तर संगणक, एकच साचा. यादीत प्रत्येकापुढं ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ असे तारखांचे दोन रकाने, शेवटी शेरा. बढती असली की तारीख आधीच टाकून ठेवायची, त्या सकाळी हुद्दा बदललेला असायचा. टाइमकीपर आकाराम निवृत्त झाले, तर दुसऱ्या दिवशी त्यांची सही गायब. म्हातारा डोळे पुसत म्हणाला, "आयला, मला पटायच्या आधी ह्याला कळलं की!"

सातवीत शाळा सोडलेल्या संग्रामला एका गुरुवारी दादानं ते सगळं दाखवलं होतं. तोंडात लवंग धरून तो म्हणाला होता, "एका जाग्यावर लिवायचं, सत्तर जाग्यांवर उमटतंय. आन् चुकत न्हाय बघ." संग्रामला वाटलं होतं, असा माणूस आख्ख्या जिल्ह्यात दुसरा नसेल. अजूनही वाटत होतं.

बारा जूनला पंचगंगेच्या पुलावर ट्रकनं दादाची मोटारसायकल उडवली. ऑगस्टात कंपनीनं संग्रामला शिपाई म्हणून घेतलं. तेव्हापासून चार वाजता तो स्वप्नालीताईंच्या खुर्चीमागं उभा राहायचा. सगळ्या सह्या तपासल्या, सगळं ठीक आहे, एवढाच तो मेल. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण खालच्या नावाचा आकार तो ओळखायचा. दिवसातनं एकदा दादा भेटायचा तो तिथंच. आज तेही संपणार होतं.

खोलीला खिडकी नव्हती. दार उघडताच थंड हवा अंगावर आली आणि तिच्याबरोबर लवंगेचा वास.

"ताई, तुमी लवंग खाल्ली का?"

"न्हाय रं," स्वप्नाली म्हणाली. "बस. सांग पासवर्ड."

"चिंगी. दोनदा. आमची शेळी हुती."

ती हसली. फाईल उघडली. मग हळूच म्हणाली, "काढायचं जिवावर येत असलं तर नावाआधी ‘कै.’ लिहूया का?"

"आमच्यात कै. लिवत न्हाईत. कालकथित म्हणत्यात."

स्वप्नालीचा हात थांबला. ती पडद्याकडं टक लावून बघत राहिली.

"संग्राम... ते लिहिलेलं हाय."

प्रसेनजीतच्या नावापुढं ‘पर्यंत’च्या रकान्यात बारा जून होतं. शेऱ्यात एकच शब्द, कालकथित.

"कुणी लिवलं?"

"ह्या ऑफिसात हा शब्द कुणाला ठाऊक हाय? आन् पासवर्ड कुणाकडं हाय?" तिनं फाईल शेवटची कधी जतन झाली ते पाहिलं. "नऊ जून. तीन दिवस आधी..."

कुठंतरी पंखा गरगरला आणि थांबला.

"मग यादीत नाव संपलंय की," संग्राम पुटपुटला. "संपलं तर सही बंद व्हायला पायजे. दादाचं काम चुकत न्हाय."

"तेच म्हणते मी... मग रोज चारला सही कोण करतंय?"

घड्याळात चार वाजले. मेल आल्याचा बारीक टिंग असा आवाज झाला. खाली तोच ओळखीचा आकार. लवंगेचा वास आता अगदी मानेजवळ आला होता. संग्रामला भीती वाटायला हवी होती. पण त्याचा ऊर भरून आला. मेल्यावरही ड्युटी न चुकवणारा त्याचा दादा!

"माझं नाव घालायचं ऱ्हायलंय बघा," तो डोळे पुसत म्हणाला. "तेवढं घाला."

स्वप्नाली यादीच्या तळाशी गेली. तिथं एक ओळ आधीच होती. संग्राम, शिपाई, संगणक विभाग. पासून, वीस ऑगस्ट. तो कामावर आला तोच दिवस. नऊ जूनला जतन झालेल्या फायलीत.

"बघा!" संग्राम ओरडलाच. "माझी सोय करूनच गेला. आन् पुढं? पर्यंत काय लिवलंय?"

स्वप्नालीनं झटकन पडद्यावर तळहात ठेवला.

"काय न्हाय. रिकामं हाय."

"मग हात काढा की."

"रिकामं हाय म्हटलं ना..."

तिनं हात काढला नाही. दुसऱ्या हातानं चाचपडत तिनं पडद्याचं बटण बंद केलं.

साहेबांना तिनं सांगितलं, पासवर्ड चालला नाही. मेल अजून चारला येतो. आणि रोज सकाळी ऑफिसच्या दारात उभी राहून स्वप्नालीताई संग्रामची वाट बघतात. तो दिसला की विचारतात, "आलास?" आणि मगच आत जातात.

त्यांच्या टेबलावर या वर्षाचं कॅलेंडर आहे. त्यातलं पुढचं एक पान फाडलेलं आहे. कुठल्या महिन्याचं, ते संग्रामनं अजून मोजून पाहिलेलं नाही.